डुकाटीचं राहू द्या, आधी टायरमधली हवा भरा

मे महिन्यातल्या भर दुपारी भाचा पुलगावहून माझ्या ताईला मागं बसवून आमच्या गावी आला. गाडी अंगणात लावली आणि मी सवयीनं मागच्या टायरला हात लावला, तर हात ठेववेना. टायरची बाजू दबून रिमच्या कडेला गोल रेघ उमटली होती. विचारलं तर म्हणाला, "मामाजी, ग्रुपवर आलं होतं ना, उन्हाळ्यात टायर फुटते म्हून. धा पॉइंट कमी केली हवा. तुमच्या गाडीचं बी लिवलं हाये त्याच्यात."

माझ्याकडं डुकाटी आहे, इटालियन कंपनीची मोटरसायकल, म्हणून तो मेसेज आठवडाभरात मला सात जणांनी पाठवलाय. त्याचं म्हणणं असं: इटालियन इंजिन विदर्भाच्या ४६-४७ अंशांत जाम होतं. डुकाटीच्या व्हॉल्व्हला, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेला, स्प्रिंग नसते म्हणून इंजिन कधीही फुटतं. डुकाटी आता इटालियन राहिलीच नाही. खेड्यात ती शोभेची वस्तू आहे. आणि शेवटी सगळ्या दुचाकीवाल्यांना सल्ला: उन्हाळ्यात हवा १० पॉइंट कमी ठेवा, इंजिन तापलं की त्यावर पाणी मारा.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानं माणूस मरतो. तापल्यावर टायरमधला दाब वाढतो, एवढं खरं आहे. पण किती वाढतो? सकाळी २७ अंशांना ३२ पॉइंट हवा भरली आणि दुपारी आतली हवा ६७ अंशांपर्यंत तापली, तर काटा ३८ च्या आसपास जातो. सहा पॉइंट. एवढं धरूनच कंपनी टायर बनवते आणि हवेचा आकडा ठरवते. म्हणून तर माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की हवा टायर थंड असतानाच मोजायची. भाच्याच्या गाडीच्या चेनकव्हरवरही स्टिकर आहे, मागच्या टायरला दोघांसाठी ३२. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली तेव्हा निघाली २२.

हवा कमी असली की टायर ओझ्याखाली जास्त दबतो. ८० च्या वेगात चाक सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं, म्हणजे टायरची बाजू सेकंदाला ११ वेळा दबते आणि परत सरळ होते. तार वाकवत राहिलं की ती बोटाला चटका देते, तसंच आत रबराचं होतं. ही उष्णता उन्हाची नाही, कमी हवेची आहे. टायर फुटू नये म्हणून हवा काढायची आणि तसं करून तो फुटायच्या वाटेला लावायचा, असा हा सल्ला आहे. माझी साठ वर्षांची बहीण त्या टायरवर पस्तीसेक किलोमीटर आली. मेसेज पुढं ढकलणाऱ्या सातही जणांना मी हे फोन करून सांगितलं.

पाण्याचं तर बोलूच नये. रसरसत्या अ‍ॅल्युमिनियमवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. गाडी सावलीत लावा, बंद करा, थांबा.

आता इंजिन. माझी डुकाटी मॉन्स्टर ७९५ ही २०१३ ची, मी ती २०१९ मध्ये पुण्याहून सेकंडहँड आणली. ८०३ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, सोबत ऑइल कूलर. मान्य करतो, मे महिन्यात बुटीबोरीला ट्रकांच्या रांगेत अडकलो की मीटरवर ऑइलचं तापमान चढताना दिसतं आणि मागचा सिलिंडर मांडी भाजतो. तेव्हा मी इंजिन बंद करतो. रस्ता मोकळा झाला, वारा लागला की आकडा खाली येतो. इतक्या उन्हाळ्यांत गाडी एकदाही जाम झालेली नाही.

स्प्रिंगचं म्हणणं मात्र अर्धवट वाचून लिहिलंय. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, आणि मिटवते स्प्रिंग. इंजिनाचे फेरे फार वाढले की स्प्रिंग मागं पडते. माझ्यासारख्या डुकाटीत मिटवायलाही वेगळा कॅम आणि रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारी छोटी दांडी, असते. दोघं मिळून लाकूड कापायची करवत आठवा, एक ओढतो, मग दुसरा ओढतो, कुणी कुणाची वाट पाहत नाही. याला डेस्मो म्हणतात. डुकाटीचे इंजिनीअर फाबिओ तालिओनी यांनी ही रचना १९५६ मध्ये १२५ सीसीच्या रेसिंग गाडीत बसवली आणि त्या गाडीनं आपली पहिलीच शर्यत, स्वीडनमधली, जिंकली. २३ एप्रिल १९७२ ला इटलीत इमोलाची २०० मैलांची शर्यत झाली, त्यात डेस्मो इंजिनाच्या ७५० सीसीच्या डुकाटीवर पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जियारी दुसरा आला. कधीही फुटणारं इंजिन २०० मैल तसं पिळता येत नाही. जपायचा असतो तो बेल्ट. कॅम फिरवणारे रबरी बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, बदलावेच लागतात. तुटले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. ते खर्चाचं काम आहे, नाकारत नाही.

इटालियन नाही म्हणे. २०१२ मध्ये जर्मन आउडीनं कंपनी घेतली, बरोबर. माझी गाडी तर जुळवली थायलंडमध्ये. पण कंपनीचं घर आजही इटलीतल्या बोलोन्या शहराच्या बोर्गो पानिगाले भागातच आहे, आणि डेस्मो तालिओनींचाच आहे.

राहिली शोभेची वस्तू. पावसाळा सरल्यावर सकाळी सहाला खरांगण्याच्या पुढं, आर्वीच्या रस्त्याला या. दोन्हीकडं कपाशी, रस्त्यावर एखादी बैलबंडी, तीही मागं पडली की पुढं मोकळं. तिसऱ्या गिअरवर चार हजार फेऱ्यांच्या वर मूठ पिळली की दोन्ही सिलिंडरांचे ठोके गुडघ्यांतून छातीपर्यंत येतात. वळणात गाडी कलते तेव्हा त्या जाळीदार चौकटीतून रस्त्याचा खडा न् खडा कळतो. ऐंशीलाच हे सगळं मिळतं, दोनशेची गरज नाही. घरी येऊन बंद केल्यावर तापलेलं लोखंड टिकटिक करत गार होतं, तेव्हा मी चहा घेऊन तिच्याजवळच बसतो. सर्व्हिस दूर आहे, पार्टची वाट पाहावी लागते, म्हणून मी ऑइल आणि चेनचं काम स्वतः शिकलो.

भाच्याच्या टायरची ती रेघ काही गेली नाही. हवा ३२ केली तरी आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून आर्वीला नेऊन टायर बदलून घेतला. ताईला बसनं पाठवलं, आणि त्या ग्रुपवर जुन्या टायरचा फोटो टाकायला भाच्यालाच लावलं.