बॅकअप होता हो! ‘एक कोकणी माणूस’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मस्कतमध्ये फॉरमॅट झालेल्या डिस्कमधून फायली कशा परत काढल्या, या माझ्या लेखावर ‘एक कोकणी माणूस’ या नावाने भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. उत्तर खालच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एवढ्या मोलाच्या फायली होत्या तर बॅकअप का नव्हता? फोटोरेकसारखी, गेलेल्या फायली शोधून काढणारी फुकटची सॉफ्टवेअरं सांगून लोकांच्या डिस्का बिघडवू नका, सरळ फायली काढून देणाऱ्या लॅबकडे पाठवायला सांगा. एसएसडीबद्दल, म्हणजे तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कबद्दल, लेखात अवाक्षर नाही. चिपळूणची भिजलेली डिस्क तांदळात ठेवली असती तर वाचली असती. सातबारा ऑनलाइन मिळतो, मग रडगाणं कशाला? लेखातली चित्रं मोबाइलवर वाचता येत नाहीत. आणि शेवटी हे: “मस्कतला बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. परदेशी गेलेल्यांना गावाची किंमत हार्डडिस्क गेल्यावरच कळते.”

चित्रांचं म्हणणं रास्त आहे. मोबाइलवर ती खरंच बारीक दिसत होती. मोठी करून पुन्हा चढवली आहेत. आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण बाकीची सगळी प्रतिक्रिया ते वाक्य लिहायला मिळावं म्हणूनच लिहिली असावी असं मला वाटतं. उंटाचा विनोद नवा नाही. सुट्टीवर यायचो तेव्हा गुहागरच्या स्टँडवर उतरल्याउतरल्या कोणी ना कोणी तो करायचंच, पण ते लोक तोंडावर करायचे आणि नंतर चहा पाजायचे. तुम्ही नाव न सांगता करता. नाव घेतलंत तेही ‘एक कोकणी माणूस’. मग मी कोण? माझा जन्म गुहागर तालुक्यातला, शाळा तिथलीच, पावसात पाखाडीवरून घसरून पडण्याचा अनुभव तुमच्याइतकाच. हे उत्तरही मी आमच्या पडवीत बसून लिहितोय. मस्कतची नोकरी केव्हाच सुटली. लाइट येऊन-जाऊन आहे, त्यामुळे एखादं वाक्य तुटक वाटलं तर महावितरणला विचारा.

तर बॅकअप. बॅकअप होता, साहेब. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. प्रतिक्रिया एवढी लांब लिहिणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचता आलं नाही याचं नवल वाटतं. पुन्हा सांगतो, या वेळी सावकाश. एक प्रत माझ्याबरोबर मस्कतला, बाहेरून जोडायच्या डिस्कवर. दुसरी चिपळूणच्या बाजारपेठेत, आत्तेभावाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. फोनवरचे फोटो तिसरीकडे, गूगलच्या खात्यात. एक प्रत परदेशात, एक गावाजवळ, एक ढगात. याहून जास्त काय करायचं होतं? दगडावर कोरून घ्यायचं होतं का?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. त्या दिवशी चिपळुणात काय झालं ते कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको, आणि तुम्ही तर नावातच कोकणी आहात. तळमजल्याचं दुकान होतं. काउंटर, फ्रीज, कपाटं सगळं एकात एक अडकून पडलं होतं, कॉम्प्युटर कुठे हे शोधायलाच वेळ गेला. १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं, पुस्तकं भिजली. त्यांनाही विचारणार का, की पुस्तकांची किंमत पूर आल्यावरच कळली का म्हणून? आणि “तेव्हा का आला नाहीत” हा तुमचा पोटप्रश्न: ओमानने त्या वर्षी एप्रिलपासून भारतातून येणाऱ्यांना प्रवेश थांबवला होता. आलो असतो तर परत जाता आलं नसतं, आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. हे लेखात लिहिलं नव्हतं कारण लेख फायलींचा होता, माझ्या पगाराचा नव्हता.

त्याच पावसाळ्यात मस्कतची डिस्क गेली. पुराच्या बातम्या बघून आमच्या खोलीतले सगळेच कोकणातले लोक कासावीस झाले होते. जुने शिमग्याचे व्हिडिओ बघू म्हणून डिस्क टीव्हीला लावली. टीव्हीने इंग्रजीत काहीतरी विचारलं, रिमोट ज्याच्या हातात होता त्याने ओके दाबलं, आणि टीव्हीने डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करून ठेवली. चिपळूणची प्रत गेल्यावर मी नवी डिस्क मागवली होती, ती यायची होती. याला हलगर्जीपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

राहिलं गूगलचं खातं. नव्या लॅपटॉपवरून उघडायला गेलो तर त्यांना ओटीपी हवा. तो जाणार माझ्या भारतीय नंबरावर. ते सिम बंद पडू नये म्हणून घरी तात्यांच्या फोनमध्ये घालून ठेवलं होतं. आमच्या घरात रेंज नाही. रेंज वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तीही जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग आहे त्याच्या पलीकडे उभं राहिलं तर. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल ओमानमधून लागायचा नाही, म्हणून साधा आयएसडी. भर पावसात तात्या छत्री घेऊन सड्यावर. फोन बटणांचा, मेसेज बघायचा तर माझा कॉल कापावा लागे. कॉल कापून मेसेज उघडेपर्यंत, चष्मा पुसेपर्यंत, मी पुन्हा लावेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. शेवटी शेजारच्या मुलाला दुसरा फोन घेऊन सोबत नेलं. तात्या आकडे वाचणार जोडीजोडीने, “एकोणऐंशी, त्रेपन्न”, आणि पाऊस छत्रीवर असा वाजत होता की मला एकोणऐंशी ऐकू आलं की एकोणनव्वद ते कळेना. खातं उघडलं एकदाचं. त्यात फोनवरचे फोटो होते, स्कॅन केलेले कागद एकही नव्हते, कारण ते फोनने काढलेलेच नव्हते.

हा प्रसंग सांगितला कारण परदेशात राहणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. फाइल जिवंत असते, तिची किल्ली हजार मैलांवर कोणाच्या तरी शर्टाच्या खिशात असते. हल्लीच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, आणि त्या खात्याचा ओटीपी पुन्हा त्याच भारतीय नंबरावर. ते सिम ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात पैसेही नसले की बंद पडतं. मग कुठली लॅब आणि कुठलं सॉफ्टवेअर! बाहेर जाण्याआधी ती किल्ली कागदावर लिहून पाकिटात ठेवा, हे मी लेखात ठळक अक्षरांत सांगितलं. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही. उंट मात्र आहे.

“गावाची किंमत” काय ते आता सांगतो. त्या डिस्कवर आजोबांच्या हातची टिपणं होती: आंब्याचं कुठलं कलम कोणत्या भावाच्या वाट्याचं, कुठल्या बांधावर कोणाचा माड, पाणंदीचा वाद कसा मिटला. आमच्याकडे जमीन एकाची आणि त्यातलं झाड दुसऱ्याचं असं चालतं हे तुम्हाला ठाऊक असेल. सातबारा ऑनलाइन मिळतो, खरं आहे, पण विहिरीकडचं तिसरं कलम धाकट्या काकांचं हे कुठल्या सरकारी संकेतस्थळावर दिसतं ते सांगा. कळवलंत तर तात्या तुम्हाला आंबे पाठवतील. ते कागद मी स्वतः माजघरातल्या पेटीतून काढून, वाळवी झटकून, एका सुट्टीत बसून स्कॅन केले होते. मूळ कागदांचा नंतरच्या पावसाळ्यांत लगदा झाला. किंमत हार्डडिस्क गेल्यावर कळली असती तर स्कॅन कशाला केले असते? गावात राहणाऱ्या किती जणांनी आपापल्या पेट्या उघडल्या आहेत, हा प्रश्न मी विचारणार नव्हतो, पण तुम्ही विचारायला लावलात.

आता फोटोरेक. “डिस्का बिघडवतं” हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? फोटोरेक मूळ डिस्क फक्त वाचतं, तिच्यावर लिहीत नाही. सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर ठेवल्यात तर मात्र तुमचेच हात तुमच्या गळ्यात. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून जमीन जागची हलत नाही, तसंच फॉरमॅटचं. झटपट फॉरमॅटमध्ये फायलींची नोंद पुसली जाते, मजकूर जागेवर पडून असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. म्हणून पहिलं काम डिस्क काढून ठेवणे. दुसरं, डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा मोठ्या डिस्कवर उतरवणे. ते आधी चांगला भाग वाचून घेतं, अडलेल्या भागाकडे नंतर वळतं, आणि कुठवर आलो ते एका फायलीत टिपून ठेवतं. लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. १ टीबीची डिस्क यूएसबी २ वरून वाचायची तर नऊ-दहा तास सहज जातात, आणि नऊ-दहा तास सलग वीज, तीही पावसाळ्यात, हे आपल्याकडे कोणी छातीठोक सांगू शकेल काय?

मग त्या प्रतिमेवर फोटोरेक. ते नोंदीकडे बघतच नाही, फायलीची सुरुवात ओळखतं. जेपीजी एफएफ-डी८-एफएफ या बाइटांनी सुरू होते, तसं प्रत्येक प्रकाराचं काही ना काही ठरलेलं असतं. त्यामुळे टीव्हीने कुठल्याही पद्धतीने फॉरमॅट केलेलं असलं तरी चालून जातं. बदल्यात नावं आणि फोल्डर सगळे जातात. एफ आणि पुढे आकडे, अशा नावांच्या फायलींचा ढीग समोर येतो. फोटोंची तारीख फोटोच्या पोटातच असते, ती लावता आली. शिमग्याचे मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेले होते, ते बरेचसे मेले: पालखी सहाणेवर येते आणि पुढे नुसते हिरवे चौकोन. घराण्याची हकिगत वडीलधाऱ्यांनी पूर्वी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात करून घेतली होती. ती उघडली तर टोप्या-ठिपके लावलेली रोमन अक्षरं. फाइल खराब झाली समजून मी ती पुसणारच होतो. जुना फाँट मिळवून बसवला तेव्हा अक्षर न् अक्षर शाबूत निघालं. हे लेखातलं सगळ्यात उपयोगी वाक्य होतं, कारण कोकणात घरोघरी देवस्थानाच्या पावत्या, वंशावळी, लग्नपत्रिका अशाच जुन्या फाँटांत पडलेल्या आहेत. पण असो.

लॅबचं म्हणाल तर, डिस्क टक्-टक् वाजत असेल, फिरत नसेल, तर घरी हात लावू नये आणि लॅबलाच द्यावी, हे मी लिहिलेलं आहे. माझी वाजत नव्हती. मस्कतमधल्या एका दुकानात नेली होती, तिथल्या माणसाने डिस्क हातात न घेताच भाव सांगितला. मी घरी आलो.

एसएसडी: लेख फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कचा आहे, शीर्षकातच आहे. एसएसडीला ट्रिमची, म्हणजे ही जागा आता मोकळी समज अशी, आज्ञा गेली की पुसलेला मजकूर बहुधा आतूनच साफ होतो, तिथे फोटोरेक काय आणि लॅब काय, फारसं हाती लागत नाही. त्यावर वेगळं लिहीन, सवडीने.

तांदूळ: नाही. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, पुराचं पाणी त्यातून आत जातं आणि वाशिष्ठीचा गाळही बरोबर नेतं. वाचणारं टोक तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतरावरून जातं. पाणी वाळलं की गाळ तिथेच चिकटून बसतो. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, वीज द्यायची नाही, ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबला पाठवायची. आत्तेभावाच्या मुलाने उन्हात वाळवून लावून बघितली, आणि त्या दिवसांत घरात प्यायला पाणी नसताना त्याने हे करण्याची तसदी घेतली हेच मला पुष्कळ आहे.

“उत्तर द्यायची हिंमत नसेल तर प्रतिक्रिया काढून टाका” असंही तुम्ही लिहिलंत. काढलेली नाही, काढणारही नाही. त्यातलं फक्त एक वाक्य झाकलं आहे. तुम्ही आत्तेभावाच्या दुकानाचं नाव घेऊन तो निष्काळजी होता असं लिहिलं होतंत ते. दुकानाचं नाव माझ्या लेखात नव्हतं, म्हणजे तुम्ही त्याला ओळखता. तुमचं त्याच्याशी काय आहे ते त्याच्याकडे जाऊन बोला. दुकान पुन्हा उघडलंय, त्याच जागी.