कोळसा संपल्यावर जपायचे काय?

औद्योगिक वारशाचा विषय निघाला की आपल्याकडील जाणकारांच्या तोंडी हमखास येणारे उदाहरण म्हणजे जर्मनीच्या रूर खोऱ्यातील एसेन शहराची त्सोलफेराइन खाण. या कौतुकात मीही सामील आहे, मात्र ते बहुतेक वेळा इमारतींपाशीच थांबते असे माझे मत आहे, आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या आपल्या लोकांनी त्या उदाहरणातून नेमके काय उचलावे हे ठरवायचे असेल तर इमारतींच्या खाली आणि कुंपणाबाहेर काय आहे तेही पाहणे भाग आहे.

ही खाण फ्रान्झ हानिएल या उद्योजकाने १८४७ साली सुरू केली. आज छायाचित्रांत दिसते ती १२ क्रमांकाच्या शाफ्टची (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीची) लाल विटा आणि पोलादी चौकटींची वास्तू त्यानंतर बरीच उशिरा, १९३२ मध्ये, उभी राहिली. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी ५५ मीटर उंच हेडगियरभोवती, म्हणजे शाफ्टवरच्या पोलादी मनोऱ्याभोवती, सगळी रचना इतकी काटेकोर बसवली की दिवसाला १२,००० टन कोळसा काढणारी ही खाण जगातील सर्वांत देखणी खाण म्हणून ओळखली जाऊ लागली. २३ डिसेंबर १९८६ रोजी ती बंद झाली. एरवी अशा जागेवर पाडकाम करून जमीन मोकळी करणे हाच त्या काळचा शिरस्ता होता, परंतु राज्य सरकारने जागा ताब्यात घेतली, वास्तूला त्याच वर्षी संरक्षण मिळाले आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिची नोंद झाली. हे शहाणपण आकाशातून पडलेले नव्हते. १९६९ मध्ये शेजारच्या डॉर्टमुंड शहरातील त्सोलर्न खाणीचे पोलाद आणि काचेचे यंत्रगृह पाडायला निघाले, तेव्हा कलावंत आणि अभ्यासकांनी आवाज उठवून ते वाचवले होते. कारखान्यालाही स्मारक म्हणता येते हा विचार जर्मनीत रुजला तो तिथून.

आता त्सोलफेराइनच्या कोल वॉशरीत, म्हणजे कोळसा धुऊन निवडण्याच्या इमारतीत, संग्रहालय आहे. बाहेरून एक लांबलचक नारिंगी सरकता जिना पाहुण्यांना थेट २४ मीटर उंचीवर नेऊन सोडतो आणि मग एकेक मजला उतरत संग्रहालय पाहायचे असते. ही युक्ती मला फार आवडते, कारण कोळशाचा प्रवासही असाच होता: पट्ट्यावरून वर जायचा आणि चाळण्या, पाण्याच्या टाक्या, फनेल असे टप्पे घेत खाली यायचा. कामगारांच्या आंघोळीच्या इमारतीत आता नृत्याचे केंद्र चालते आणि तिथल्या भिंतींवर जुन्या फरशा अजून दिसतात. अशा स्नानगृहांत कपडे साखळीला टांगून छतापर्यंत ओढून घेत आणि साखळीला कुलूप लावत, म्हणजे ओले कपडे वरच्या उबेत वाळायचे आणि चोरीची धास्तीही उरायची नाही. काही फेऱ्यांमध्ये माजी खाणकामगारच माहिती देतात. मात्र वॉशरी चालू असताना तिथे जो कानठळ्या बसवणारा आवाज आणि जी धूळ असायची, ती झाडून-पुसून लख्ख केलेल्या यंत्रांसमोर उभे राहून कोणालाही कळणार नाही. सौंदर्य जपणे सोपे असते, कष्ट जपणे अवघड. संग्रहालयाने प्रयत्न केला आहे, हे मान्य करूनही मी हे म्हणतो.

खरी गोष्ट जमिनीखाली आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ कोळसा उपसल्यामुळे रूरमधली जमीन काही ठिकाणी २० मीटरहून अधिक खचली आहे. पावसाचे आणि नद्यांचे पाणी आपोआप वाहून जाण्याइतका उतार अनेक भागांत उरलेला नाही, त्यामुळे वस्त्या कोरड्या ठेवायच्या तर पंप चालू ठेवावे लागतात, आणि ते बंद करण्याची तारीख कोणालाही सांगता येणार नाही. बंद खाणींत साठणारे पाणी पिण्याच्या पाण्याच्या थरांत मिसळू नये म्हणून तेही उपसत राहावे लागते. रूरची शेवटची खाण, बॉट्रॉपची प्रोस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. उपसा आजही सुरू आहे. हा खर्च वाहण्यासाठी खास प्रतिष्ठान स्थापन करावे लागले आणि त्याचे कार्यालय त्सोलफेराइनच्या आवारातच आहे. एमशर नदीची कथा याच जातीची. जमीन सतत खचत असल्याने भुयारी गटारे टिकत नव्हती, म्हणून शहरांचे सांडपाणी शतकभर या नदीतून उघड्यावर वाहिले. १९९२ पासून तीस वर्षे आणि पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च केल्यावर ती त्यातून मुक्त झाली. माझ्या मते हेडगियरइतकेच हे पंपसुद्धा वारसा आहेत आणि प्रत्येक पर्यटकाला ते दाखवले पाहिजेत.

पर्यटनातून रोजगार येतो, हा युक्तिवादही जरा तपासून घ्यावा. १९५७ च्या सुमारास रूरच्या खाणींत चार लाखांहून अधिक माणसे काम करत होती. त्सोलफेराइनला वर्षाला सुमारे १५ लाख लोक भेट देतात, तरीही तिला लागून असलेले काटर्नबर्ग एसेनच्या गरीब भागांत मोडते. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांची नातवंडे तिथे राहतात, आणि तिकीट विक्री व उपाहारगृहे ही खाणीतल्या पगाराची जागा घेऊ शकत नाहीत. वारसा जपायचा तो जपण्यासारखा आहे म्हणून; रोजगाराचे आश्वासन देऊन जपला, तर पुढे लोकांचा त्यावरचाही विश्वास उडतो. त्या मानाने ओबरहाउझेनची आयझेनहाइम वसाहत मला अधिक जवळची वाटते. १८४६ पासूनची ही कामगार वस्ती १९७० च्या दशकात पाडली जाणार होती. रहिवासी इरेला पेटले आणि ती वाचली. आजही तिथे माणसे राहतात.

आपल्याकडे वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडली, म्हणजे बंद खाणीचा अनुभव विदर्भाला नवा नाही. सावनेरला वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड ही सरकारी कोळसा कंपनी) आणि पर्यटन महामंडळाने खाण पर्यटन सुरू केले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण भूमिगत खाणी एकेक करून बंद होत असताना हजेरीच्या वह्या, लॅम्प रूममधील दिवे, कोळशाच्या गाड्या ओढणारी जुनी हॉलेज यंत्रे भंगारात जाण्याआधी कोणीतरी यादी करायला हवी, आणि ती खाण चालू असतानाच. कुलूप लागल्यावर भंगारवाल्याच्या आधी कोणी पोहोचत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. म्हणून उद्या चंद्रपूरला कोळशाचे संग्रहालय झालेच, तर त्याच्या पहिल्या दालनात शोभेचा वॅगन ठेवू नये. जिल्ह्यातील सगळ्या जुन्या भूमिगत खाणींचे नकाशे आजच्या वॉर्डांच्या आणि गल्ल्यांच्या नकाशावर बसवून तिथे लावावेत, म्हणजे तिकीट काढून आलेल्या घुग्घुसच्या माणसाला आपल्या घराखाली काय आहे ते पाहता येईल.