खावो न खावो, सुई टोचायची? मांजराच्या इन्सुलिनवरच्या मेसेजला उत्तर

"भाऊ, लाल टोपीवाली सुई द्या अन् इन्सुलिनची एक बाटली. मांजरीसाठी पाह्यजे."

आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे. बकरीला जंताचं औषध, बैलाच्या जखमेवर मारायचा फवारा, हे मागायला रोज कोणी ना कोणी येतंच. मांजरीसाठी इन्सुलिन मागणारे हे काका पहिलेच. मी विचारलं, "काका, मांजर जेवते काय?"

"दोन दिस झाले, तोंडच लावत नाही. म्हणून तं घाई हाय." आणि त्यांनी मोबाइल पुढे केला.

मेसेज ओळखीचा होता. गेले काही दिवस तो आमच्या गावच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, अगदी सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवरही फिरतोय. त्यातला मजकूर असा: मांजराची शुगर 250 च्या वर आली की त्याच दिवशी इन्सुलिन सुरू करा. माणसाचंच इन्सुलिन, माणसाचीच सुई चालते. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मांजर खावो न खावो, डोस द्यायचाच. एखादा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट. एकदा सुरू झालं की जन्मभर सुटत नाही, म्हणून गरीब माणसाने आधी कारल्याचा रस करून पाहावा.

म्हणजे सुरुवातीला "त्याच दिवशी इन्सुलिन" आणि शेवटी "आधी कारलं". लिहिणाऱ्याचंच एकमत झालेलं दिसत नाही.

काकांना मी बाटली दिली नाही. चिठ्ठीशिवाय इन्सुलिन देता येत नाही, हे झालं कायद्याचं. पण खरं कारण ते "दोन दिस" होतं. मधुमेह असलेलं मांजर खाणं सोडून मरगळून बसलं, उलट्या करायला लागलं, तर रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होणारे आम्लासारखे पदार्थ) साचल्याची शंका घ्यायची असते. त्याला सलाइन, पोटॅशियम आणि तासातासाला तपासणी लागते. ओसरीवर बसून टोचलेल्या एका सुईने ते भागत नाही. आणि मधुमेह नसून दुसरंच काही झालं असेल, तर तीच सुई मांजराला मारेल. पशुसंवर्धन खात्याच्या 1962 या नंबरवर फोन लावून दिला आणि काकांना मांजरीसकट तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात धाडलं.

हे सगळं मी नुसत्या दुकानदारीच्या जोरावर लिहीत नाही. माझा बोका भुऱ्या, वय नऊ, खच्ची केलेला, वजन साडेसहा किलो, लहानपणापासून दूध-पोळीवर वाढलेला. त्याला दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. जाड, वयस्क, खच्ची केलेले बोके या आजारात जास्त सापडतात, हे मला तेव्हा कळलं. मी डॉक्टर नाही. डोस ठरवला तो डॉक्टरांनीच, पण दिवसातून दोनदा द्यायचा की थांबायचं, हा प्रश्न सुई हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा.

आता मेसेजमधला 250 चा आकडा घेऊ.

भुऱ्याला आम्ही कोंबड्यांच्या डालग्यात घालून, वर गोणपाट बांधून, एसटीने नागपूरला नेलं. तीन तास तो ओरडत होता. दवाखान्यात बाजूला दोन कुत्री. टेबलावर रक्त काढलं तर साखर 338. मी म्हटलं, झालं, आता इन्सुलिन. डॉक्टरांनी मान हलवली. घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही 300 च्या पुढे जाऊ शकते. भीतीने अॅड्रेनलिन सुटतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं, आणि हे मांजरात इतर जनावरांपेक्षा फार ठळकपणे होतं. तेव्हा डालग्यातून नुकत्याच काढलेल्या मांजराच्या एका आकड्यावर कोणी इन्सुलिन सुरू करत असेल, तर तो प्रवासाचा इलाज करतोय.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, फ्रुक्टोसमीनची तपासणी. रक्तातल्या प्रथिनांना साखर चिकटते, तिच्यावरून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. एसटीतली तीन तासांची घाबरगुंडी त्या आकड्याला फारशी हलवत नाही. दुसरी, घरच्या शांततेतली लघवी. भुऱ्या मागच्या पडवीत राखेच्या घमेल्यात जायचा. राख काढून धुतलेले बारीक खडे टाकले, खाली जमलेली लघवी सुई नसलेल्या सिरिंजने ओढून पट्टीवर टाकली. तीन वेगवेगळ्या दिवशी पट्टीने साखर दाखवली. खरं तर त्या राखेला महिनाभर आधीपासून लाल मुंग्या लागत होत्या आणि बायको म्हणत होती, "इथं कोणी गूळ सांडला काय?" आम्हीच लक्ष दिलं नाही.

मांजराच्या मूत्रपिंडातून साखर लघवीत उतरायला लागते ती साधारण 250 ते 300 च्या दरम्यान. मेसेजमधला 250 बहुधा तिथूनच उचललेला असावा. पण तो मूत्रपिंडाचा उंबरा आहे, इन्सुलिनचा मुहूर्त नव्हे. भुऱ्याचं इन्सुलिन सुरू झालं ते आकड्याच्या जोडीला बाकीचं सगळं जुळल्यावर: भांडंभर पाणी पिणं, खाऊनही किलोभर वजन उतरणं, आणि मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून सशासारखं चालणं. ते चालणं एकदा पाहिलं की विसरत नाही. साखरेने नसा दुखावल्याची ती खूण असते.

एवढं सांगून हेही सांगतो, की पक्कं निदान झाल्यावर "बघू, पुढच्या महिन्यात" म्हणत बसणंही तितकंच वाईट. थांबायचं ते खात्री होईपर्यंतच, आणि खाणारं-फिरणारं मांजर असेल तरच.

"माणसाचंच इन्सुलिन चालतं" यात तथ्य आहे. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं असतं, माणसाच्यापेक्षा चारांनी, तरी माणसासाठी बनवलेलं ग्लार्जिन, म्हणजे सावकाश आणि लांबवर काम करणारं इन्सुलिन, डॉक्टर मांजराला सर्रास लिहितात. घोटाळा होतो तो दुकानाच्या काउंटरवर. आमच्याकडे नुसतं "इन्सुलिन द्या" म्हटलं की हात जातो 30/70 च्या बाटलीकडे, कारण खेड्यात तेच जास्त खपतं. त्यातला तीस टक्के भाग झटपट उतरवणारा. मांजरासाठी डॉक्टर ते सहसा लिहीत नाहीत.

आणि "माणसाचीच सुई" हे तर फार घातक वाक्य आहे, कारण माणसाच्या सुयाच दोन प्रकारच्या आहेत. लाल टोपीची सिरिंज एका मिलीत 40 युनिटवाल्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची 100 युनिटवाल्यासाठी. 30/70 ची साधी बाटली 40 ची असते, ग्लार्जिन 100 चं. ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत ओढलं तर आत जातात अडीच युनिट. वीस-पंचवीस युनिट घेणाऱ्या आजोबांनाही हा फरक जड जाईल. मांजराचा सुरुवातीचा डोस बहुतेक वेळा एका वेळी एक युनिट असतो. दीड युनिटची चूक म्हणजे तिथे दुपटीहून जास्त. काकांनी "लाल टोपीवाली" मागितली ती फक्त त्यांच्या बायकोची तशी आहे म्हणून.

आता मेसेजचं सगळ्यात लाडकं वाक्य. सात म्हणजे सात, खावो न खावो.

बारा-बारा तासांनी देणं बरोबरच आहे. पण घड्याळ फक्त एवढंच सांगतं, की आता मांजराकडे पाहायची वेळ झाली. त्या वर्षीच्या मे महिन्यातली संध्याकाळ. भुऱ्या रांजणाजवळच्या ओल्या फरशीवर आडवा पडला होता, वाटी ठेवली तरी उठला नाही. पोरगा म्हणाला, "बाबा, सात वाजले," आणि सिरिंज भरून उभा. मी कानाच्या कडेची शीर टोचून थेंब घेतला, 118. माणसाचं मीटर मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, हे धरलं तरी तो आकडा सुई देण्याचा नव्हता. आम्हाला डॉक्टरांनी सुरुवातीची मर्यादा 200 घालून दिली होती: त्याखाली असेल तर टोचायचं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं, फोन करायचा. अर्ध्या तासाने 124. त्या रात्री इन्सुलिन दिलं नाही. रात्री दहाला त्याने अंडं खाल्लं, सकाळी साखर 290, तेव्हा ठरलेला डोस दिला. एका रात्रीची उंच साखर मांजराला त्रास देते. एका रात्रीची उतरलेली साखर त्याला झटके आणू शकते.

इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही हे विचारत नाही. ते आहे ती साखर पेशींत ढकलत राहतं. म्हणून न खाणाऱ्या मांजराला पूर्ण डोस ठोकायचा नाही. कमी करायचा, अर्धा द्यायचा की सोडायचा, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. उलट काही जण वाटी रिकामी होईपर्यंत सुई धरून बसतात, तेही नको. मांजर दिवसभर थोडंथोडं खाणारा प्राणी आहे, मांसाहारी खाण्यानंतर त्याची साखर माणसासारखी उसळत नाही. पाहायचं ते एवढंच, की भूक नेहमीसारखी आहे का.

साखर फार उतरली तर मांजर लडखडतं, अंगाला कापरं भरतं, नजर हरवते, कधी झटके येतात. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजची दाट पेस्ट बोटाने हिरड्यांवर चोळायची. झटक्यात तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. आणि लगेच दवाखाना.

"चुकला तर दुप्पट" यावर फार लिहायची गरज नाही. चुकला तो चुकला, पुढच्या वेळी नेहमीचाच. तासाभराने मागेपुढे झालं तर आभाळ कोसळत नाही. टोचताना मांजर हललं आणि औषध आत गेलं की केसांवर सांडलं कळलं नाही, तरीही पुन्हा टोचायचं नाही. आमच्या घरी एकदा मी सकाळी दिलं आणि बायको देणारच होती. तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, देणाऱ्याने बाटली ठेवायच्या आधी खूण करायची.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात मोठी: उन्हाळा. 45 अंशांत, दुपारभर लाइट नसताना, फ्रिज म्हणजे पत्र्याची पेटी. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं आणि गोठूही द्यायचं नसतं. तापलेल्या बाटलीचा जोर कमी होतो. मग घरात काय होतं? साखर वाढलेली दिसते, माणूस डॉक्टरांना फोन करून वा न करता डोस दीड करतो, दोन करतो. जूनमध्ये नवीन, ताजी बाटली येते आणि डोस तोच दोनचा राहतो. त्या रात्री मांजर कोसळतं आणि दोष इन्सुलिनला. म्हणून नवी बाटली उघडली की डोसाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. लाइटचा भरवसा नसेल तर झाकणाच्या डबीत बाटली घालून ती माठाच्या आत, ओल्या वाळूत ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगलाच गार राहतो. फ्रिजइतका नाही, पण उघड्या फळीपेक्षा कितीतरी बरा.

राहिलं कारलं आणि "जन्मभर". कारल्याचा रस मांजराच्या घशात घालायचा प्रयत्न ज्यांना करायचाय त्यांनी आधी हातमोजे घालावेत. तो इन्सुलिनची जागा घेत नाही. घरातल्या माणसाची मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही नको, मांजरात तिचा उपयोग होत नाही. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन नावाच्या मांजरांच्या गोळीला मान्यता मिळाली, पण तीही कधीच इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी धडधाकट मांजरांसाठी, आणि साखर सामान्य दिसत असतानाही कीटोन वाढण्याचा धोका सोबत घेऊन.

जन्मभराचं म्हणाल तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं. लवकर सुरू केलं, वजन उतरवलं आणि पिठूळ खाणं बंद केलं, तर शक्यता वाढते. मांजराला गोड चव कळतच नाही, दूध-पोळी ते आपल्या सवयीने खातं. भुऱ्याची पोळी हळूहळू बंद करून कोंबडी, अंडी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं डब्यातलं खाणं सुरू केलं (नुसत्या उकडलेल्या मांसात टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं एक पोषकद्रव्य, कमी पडू शकतं). मात्र हे करताना इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते. वर सांगितलेली 118 ची संध्याकाळ ही खाणं बदलल्यानंतर दहाव्या दिवशीची. खाणं बदलणार असाल तर बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

भुऱ्याचा डोस अर्ध्यावर आला, मग दिवसाआड मोजताना सुईची गरजच दिसेना. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी बंद केलं. आजार परत येऊ शकतो, म्हणून दर रविवारी पाण्याचं भांडं मोजून भरतो. दिवसात दोनदा भरावं लागलं तर पुन्हा खडे आणि पट्टी, असं घरात ठरलंय. सध्या एकदाच भरतो.