दहा एपी म्हणजे कॉलेजचं एक वर्ष फुकट? त्या मेसेजमधला एकेक दावा

जानेवारी-फेब्रुवारीत इथल्या हायस्कूलांतून पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म यायला लागले की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चार ग्रुपवरून आला. त्यातला एक तर पुण्याचा, नात्यातला. मेसेज असा:

"अमेरिकेतल्या पालकांनो, जागे व्हा! मुलांना हायस्कूलमध्येच दहा एपी घ्यायला लावा. कॉलेजचं अख्खं वर्ष फुकट, पदवी तीन वर्षांत, हजारो डॉलर वाचतात. सगळ्या युनिव्हर्सिटी हे क्रेडिट देतात. जितके एपी जास्त, तितकी आयव्ही लीग जवळ. एपी झेपत नसेल तर ड्युअल एनरोलमेंट करा. त्यात परीक्षेचं टेन्शन नाही आणि ग्रेड कमी आली तरी काही बिघडत नाही."

मुलगा नववीत असताना मी हा मेसेज खरा मानला आणि त्याचे पुढच्या तीन वर्षांचे विषय त्यावर बेतले. आता तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यातलं खरं किती आणि खोटं किती, ते घरातच पाहिल्यामुळे हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांसाठी दोन शब्द, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे अकरावी-बारावीलाच ज्युनिअर कॉलेज म्हणतात. इथे नववी ते बारावी सगळं हायस्कूल. पदवीला साधारण 120 क्रेडिट (कोर्स पुरा केला की जमा होणारी एककं) लागतात, म्हणजे वर्षाला तीसेक. यातली काही क्रेडिट हायस्कूलमध्ये असतानाच मिळवायचे दोन मोठे मार्ग आहेत. पहिला एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. वर्षभर शाळेतच वरच्या दर्जाचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यायची, 1 ते 5 मध्ये स्कोअर येतो, निकाल जुलैत. दुसरा ड्युअल एनरोलमेंट. यात मूल कॉलेजचा, बहुतेकदा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज), खराखुरा कोर्स करतं आणि त्याची ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, लागते.

आता दावे.

"सगळ्या युनिव्हर्सिटी हे क्रेडिट देतात."

नाही. क्रेडिट द्यायचं की नाही हे कॉलेज बोर्ड ठरवत नाही, मूल ज्या कॉलेजात जाणार ते कॉलेज ठरवतं. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथने 2018 साली पदवी घेणाऱ्या बॅचपासून ते बंद केलं. ब्राउनमध्ये पदवीला तीस कोर्स लागतात आणि त्या तिसांत एपी धरत नाहीत. एमआयटीत कॅल्क्युलस बीसी या गणिताच्या एपीला 5 असेल तर कॅल्क्युलसचा पहिला कोर्स सुटतो, पण प्रत्येक एपीला अशी सूट नाही. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ नामांकित खासगी विद्यापीठांची, स्वप्नं दाखवणाऱ्या मेसेजनेच "सगळ्या युनिव्हर्सिटी" म्हणावं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कारण ही क्रेडिट सगळ्यात कमी चालतात ती नेमकी अशाच नावाजलेल्या खासगी कॉलेजांत.

सरकारी विद्यापीठांचं चित्र बरंच उदार आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया 3 किंवा वरच्या स्कोअरला क्रेडिट देते. आमच्याकडे रटगर्सला 4 किंवा 5 लागतात. इलिनॉयमध्ये तर कायदाच आहे की सरकारी कॉलेजांनी 3 ला क्रेडिट द्यायचं. पण त्याच कायद्यात पुढे असंही आहे की ते क्रेडिट इलेक्टिव्ह (ऐच्छिक) म्हणून धरायचं, जनरल एज्युकेशनमध्ये (सगळ्यांना सक्तीच्या सामान्य विषयांत) धरायचं की मेजरमध्ये (पदवीच्या मुख्य विषयात), हे कॉलेजने ठरवायचं. सगळी मेख या एका वाक्यात आहे.

"कॉलेजचं अख्खं वर्ष फुकट, पदवी तीन वर्षांत."

इथे जरा थांबते, कारण आमच्या घरात हेच झालं.

मुलाने नऊ एपी दिले. सगळ्यांत 4 किंवा 5. विद्यापीठाने 35 क्रेडिट दिली. वर्षाला तीस हा हिशोब आम्हाला तोंडपाठ होता, त्यामुळे वर्ष तर वाचलंच, वर पाच शिल्लक, अशा आनंदात आम्ही ओरिएंटेशनला गेलो. अ‍ॅडव्हायझर बाईंनी स्क्रीनवर डिग्री ऑडिट उघडलं. एका बाजूला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला लागणारे कोर्स, दुसऱ्या बाजूला मुलाची क्रेडिट. त्या एकेक ओळ जुळवत गेल्या. कॅल्क्युलस बीसीची 8, जुळली. फिजिक्स मेकॅनिक्सची 4, जुळली. इंग्रजीची 3, अमेरिकन इतिहासाची 3, ह्यूमन जिऑग्राफीची 3, तीही बसली. झाली 21. मग सायकॉलॉजी आली. सामाजिक शास्त्रांसाठीची जागा जिऑग्राफीने आधीच घेतली होती. स्टॅटिस्टिक्स नाही, कारण त्यांना कॅल्क्युलसवर आधारलेला कोर्स हवा. कॉम्प्युटर सायन्सचा जावाचा पेपर नाही, कारण डिपार्टमेंट प्रोग्रामिंग दुसऱ्या भाषेत शिकवतं. एन्व्हायर्न्मेंटल सायन्स तर इंजिनिअरिंगच्या मुलांना विज्ञान म्हणून चालतच नाही. ही 14 क्रेडिट सगळ्यात खाली एका वेगळ्या चौकटीत जाऊन बसली: "पदवीसाठी न वापरलेली". ट्रान्सक्रिप्टवर ती आहेत, पण उपयोग शून्य. त्या चार विषयांसाठी मुलगा अकरावीत रात्री एक-एक वाजेपर्यंत जागलेला मी पाहिला आहे. स्क्रीनवरची ती चौकट मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

बरं, 21 क्रेडिट म्हणजे निदान एक सेमिस्टर तरी वाचायला हवं ना? तेही नाही. इंजिनिअरिंगची पदवी क्रेडिटच्या बेरजेवर चालत नाही, ती साखळीवर चालते. आधी स्टॅटिक्स, ते झाल्याशिवाय डायनॅमिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स नाही, त्याशिवाय मशीन डिझाइन नाही आणि शेवटच्या वर्षाचा सिनिअर डिझाइन प्रकल्प फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात) सुरू होऊन दोन सेमिस्टर चालतो. यातली एकही कडी एपीमध्ये मिळत नाही. एपीमुळे आजूबाजूचे कोर्स सुटतात, पण साखळीची लांबी आहे तेवढीच राहते. नर्सिंग, आर्किटेक्चर, संगीत या पदव्यांचंही असंच. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांत साखळी आखूड असते. तिथे सरकारी विद्यापीठात साडेतीन किंवा तीन वर्षांत पदवी खरोखर होऊ शकते. पण आपल्या ग्रुपवरच्या किती मुलांना इतिहासात पदवी घ्यायची आहे, हे आपल्याला माहीत आहे.

पैशांचा हिशोबही असाच फसतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याने 12 क्रेडिट घेतली काय किंवा 17 घेतली काय, बऱ्याच विद्यापीठांत फी तीच असते. म्हणजे सुटलेल्या कोर्सांमुळे सेमिस्टर हलकं होतं, बिल हलकं होत नाही. पैसे वाचतात ते अख्खं सेमिस्टर कमी झालं तरच. आणि उलट बाजूला एपीच्या एका परीक्षेची फी 2025 मध्ये 99 डॉलर होती. नऊ परीक्षा म्हणजे जवळजवळ नऊशे.

मग मुलाला काहीच मिळालं नाही का? मिळालं. पहिल्या वर्षी तो थेट मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसला बसला, आणि पुढे जी जागा मोकळी झाली तिथे त्याला एका कंपनीत सहा महिने को-ऑप (शिकता शिकता प्रत्यक्ष काम) करता येणार आहे. त्याच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. पण ती पाच पेपरांतून मिळाली, नऊ पेपरांतून नाही. 1950 च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून एपीचा प्रयोग सुरू झाला आणि 1955 मध्ये कॉलेज बोर्डाने तो हातात घेतला, तेव्हा त्यामागे एक साधा विचार होता: हुशार मुलाला शाळेत शिकलेलंच पुन्हा कॉलेजात शिकायला लावू नये. त्या अर्थाने एपीने माझ्या मुलासाठी आपलं काम चोख केलं.

"जितके एपी जास्त, तितकी आयव्ही लीग जवळ."

यात दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ आहे. प्रवेशाच्या वेळी बघतात ती वर्षभर घेतलेला विषय आणि त्यातली ग्रेड. क्रेडिट मिळतं ते मे महिन्यातल्या परीक्षेवर. बारावीच्या एपीचे निकाल जुलैत येतात, तोवर प्रवेश होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. म्हणजे त्या परीक्षांचा प्रवेशाशी काहीच संबंध उरत नाही.

आणि "जितके जास्त तितकं चांगलं" यालाही मर्यादा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना वरच्या दर्जाच्या विषयांना जादा गुण देते, पण ते जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांना. पाचव्या विषयाला त्या हिशोबात जादा काही नाही. प्रवेश समिती मूल ज्या शाळेत शिकतं त्या शाळेत काय उपलब्ध होतं ते पाहून तोलते. सहा एपी असलेल्या शाळेतल्या पाच एपीची आणि तीस एपी असलेल्या शाळेतल्या पाचाची किंमत एक नसते. मेसेजमधला दहाचा आकडा कुठून आला, कुणालाच सांगता येत नाही.

"ड्युअल एनरोलमेंटमध्ये टेन्शन नाही, ग्रेड कमी आली तरी काही बिघडत नाही."

हा दावा सगळ्यात घातक आहे. एपीत स्कोअर 2 आला तर तो कॉलेजला पाठवायचा की नाही हे तुमच्या हातात असतं. ड्युअल एनरोलमेंटची ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची लागते. सोळाव्या वर्षी मिळालेला सी तिथून पुसता येत नाही. मध्येच कोर्स सोडला तर डब्ल्यू लागतो, तोही तिथेच राहतो.

ज्यांना मुलांना डॉक्टर करायचं आहे त्यांनी हे नीट वाचावं. मेडिकल स्कूलचे बहुतेक अर्ज एएमसीएएस या सामायिक सेवेतून जातात. मूल जिथे जिथे कॉलेजचा कोर्स शिकलं त्या प्रत्येक संस्थेचं ट्रान्सक्रिप्ट तिथे द्यावं लागतं, हायस्कूलमध्ये असताना केलेल्या कोर्सांचंसुद्धा, आणि त्या ग्रेड जीपीएत धरल्या जातात. लॉ स्कूलच्या अर्जातही असाच हिशोब होतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने अकरावीच्या उन्हाळ्यात "सोपं आहे" म्हणून सहा आठवड्यांची केमिस्ट्री घेतली आणि सी घेऊन बाहेर पडली. आज ती प्री-मेड आहे, चारही वर्षं उत्तम ग्रेड आहेत, आणि तो एक सी अजून तिच्या हिशोबात आहे.

शिवाय ही क्रेडिट चालतात कुठे? त्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात सहसा चालतात. पण जो कोर्स हायस्कूलच्या इमारतीत शिकवला गेला, किंवा हायस्कूलच्या डिप्लोमासाठी मोजला गेला, त्याचं क्रेडिट अनेक खासगी कॉलेजं नाकारतात.

मेसेजच्या एका आवृत्तीत "मराठी शाळेचंही क्रेडिट मिळतं" अशी ओळ जोडलेली आहे. ते खरं आहे, पण ते वेगळं क्रेडिट. काही स्कूल डिस्ट्रिक्ट (स्थानिक शाळा चालवणारी मंडळं) मराठीच्या परीक्षेवर हायस्कूलचं परभाषेचं क्रेडिट देतात. कॉलेजच्या 120 शी त्याचा संबंध नाही. मुलांना मराठी शाळेत जरूर पाठवा, पण या आशेने नको.

इतकं लिहूनही मला कुणाला ड्युअल एनरोलमेंटच्या वाटेपासून परावृत्त करायचं नाही, कारण काही राज्यांत ती खरोखरच फार चांगली आखलेली आहे. मिनेसोटाने 1985 मध्येच कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजचे कोर्स मोफत केले, पुस्तकांसकट. वॉशिंग्टन राज्यात 1990 च्या कायद्याने रनिंग स्टार्ट ही अशीच योजना आली. तिथे मुलं कम्युनिटी कॉलेजात ट्यूशन फी न भरता शिकतात, आणि काही जण हायस्कूलच्या डिप्लोमाबरोबर दोन वर्षांची असोसिएट पदवीही घेतात. ती ठरलेल्या चौकटीत घेतली तर राज्याच्या सरकारी विद्यापीठांत जनरल एज्युकेशनचा मोठा भाग सुटतो. ज्या घरात फीचा प्रश्न खरा आहे, ज्या मुलांना एच-4 व्हिसामुळे (एच-1बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, शिक्षणासाठीची मदत मिळूच शकत नाही, त्यांच्यासाठी ही वाट सोन्यासारखी आहे. पण तिथेही इंजिनिअरिंगला जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून गणित आणि फिजिक्सची साखळी धरावी लागते, हाताला लागेल तो कोर्स घेऊन चालत नाही.

म्हणून विषय निवडण्याआधी एकच काम करा. मुलाच्या डोक्यात असलेली तीन-चार कॉलेजं घ्या, त्यातलं एक आपल्या राज्याचं सरकारी असू द्या. प्रत्येकाच्या वेबसाइटवर एपीचा तक्ता असतो. त्यात "किती क्रेडिट" या रकान्याकडे बघू नका, "कोणत्या कोर्सऐवजी" हा रकाना बघा. तिथे कोर्सचा नंबर असेल तर तो मुलाच्या मेजरच्या यादीत शोधा. नुसतं "इलेक्टिव्ह" लिहिलेलं असेल तर तो विषय आवडीसाठी घ्या, क्रेडिटसाठी नको. ड्युअल एनरोलमेंट असेल तर कोर्स कुठे शिकवतात, ट्रान्सक्रिप्ट कोण देतं आणि कोर्स सोडायची शेवटची तारीख कोणती, हे काउन्सेलरकडून ईमेलवर लिहून घ्या.

या महिन्यात दर रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मी कॅफेटेरियात अर्धा तास थांबणार आहे. मुलाचं डिग्री ऑडिट छापून आणलं आहे, ती चौकट त्यात आहे. ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी फॉर्म भरण्याआधी येऊन ते बघावं, आणि येताना मुलांनाही घेऊन यावं.