‘चाळीस मिनिटांत गाडी ठप्प’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय परवाच वाचला. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी तुमच्यासारखीच गाडी जोडून पाहिली: लेगो खेळण्यांच्या ‘पॉवर फंक्शन्स’ या बॅटरीवर चालणाऱ्या मालिकेतल्या दोन ट्रेन मोटर, मागे आठ डबे, मध्ये चढ.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमचा छोटा रिचार्जेबल लिथियम बॅटरी पॅक तुम्ही घेतलात. त्याच्या विक्रीच्या पानावर ‘दोन तास’ लिहिलं होतं, गाडी चाळीस मिनिटांत बंद पडली, तीही हळू न होता एकदम. चढावर ‘चाकं फिरतात पण गाडी हलत नाही’. फोन केलात तर आमच्या माणसाने चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावून बघा म्हणून सांगितलं, ती दहा मिनिटंही टिकली नाही. मोटर ९ व्होल्टची आणि पॅक ७.४ चा, म्हणजे फसवणूक. आणि शेवटचं वाक्य, ‘आता मीच डबल-ए मापाचे लिथियम सेल आणून घालतो’.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते घाईचं आहे. कृपया ते सेल घालू नका. दिसायला ते साध्या पेन्सिल सेलसारखेच असतात, पण एकेक ३.७ व्होल्टचा. बॅटरी बॉक्समध्ये सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे २२ व्होल्टच्या वर, पूर्ण चार्ज असतील तर २५. ९ व्होल्टच्या मोटरचं काय होईल ते सांगायला नको. लिथियमच हवे असतील तर ज्यांवर १.५ व्होल्ट छापलेलं असतं तेच घ्या. त्यांतल्या रिचार्जेबल सेलांच्या आत व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं.

आता आमच्या चुका.

‘दोन तास’ हा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे. तो आम्ही एक मोटर, तीन डबे आणि सपाट लंबगोल रूळ यांवर मोजला होता. तेव्हा गाडी साधारण ०.३ अँपिअर ओढत होती. पॅक ७०० मिलिअँपिअर-तासांचा आहे, म्हणजे ०.७ अँपिअर तासभर पुरवेल एवढा, हिशोब जुळतो. तुमच्यासारखी गाडी जोडल्यावर मीटरवर १ अँपिअरच्या आसपास दिसत राहिलं, वळणावर त्याहून जास्त, आणि पॅक ४१ मिनिटांत संपला. तुम्ही लिहिलेलं जवळजवळ मिनिटागणिक खरं निघालं. किती डबे, किती मोटर, चढ आहे का, हे पानावर विचारायला हवं होतं. पान काल बदललं.

चौकोनी बॅटरीचा सल्ला तर सरळसरळ चूक होता. तिच्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं एवढंच. आत सहा चिमुकले सेल असतात, चांगल्या अल्कलाईनचीही क्षमता ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, आणि ती मिळते अगदी थोडा करंट घेतला तर. आतला रोधच इतका की मोटरने जोर मागितला की व्होल्टेज कोसळतं. ती स्मोक अलार्मसाठी ठीक आहे. आमच्या माणसाशी बोललो आहे. त्या बॅटरीचे पैसे आमच्याकडून घ्या.

७.४ बद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लेगोचा स्वतःचा जुना रिचार्जेबल बॉक्सही ७.४ व्होल्टचाच होता. सहा रिचार्जेबल पेन्सिल सेल घातले तर प्रत्येकी १.२ प्रमाणे ७.२ होतात. ९ हा आकडा येतो तो नव्या कोऱ्या अल्कलाईन सेलचा, आणि तो गाडी सुरू झाल्यावर तिथे फार वेळ राहत नाही. ७.४ वर गाडीचा वेग थोडा कमी असतो, पण फसवणूक म्हणाल तर नाही.

एकदम बंद पडण्याचंही कारण आहे. अल्कलाईन सेल मरताना गाडी रेंगाळते, आपल्याला आधी कळतं. लिथियम पॅक मात्र जवळपास शेवटपर्यंत जोर टिकवतो, मग आतलं संरक्षण सर्किट तोडून टाकतं, नाहीतर सेल कायमचे खराब होतात. हेही पानावर नव्हतं. पॅक उघडून ते सर्किट वगळायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या.

खरी गंमत चढाची आहे. ‘चाकं फिरतात पण गाडी हलत नाही’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. बॅटरी कमी पडत असती तर मोटर घूं-घूं करत अडकली असती, चाकं फिरलीच नसती. चाकं जागच्या जागी गरगरतायत म्हणजे ताकद भरपूर आहे, पकड नाही. आणि पकड नसण्याला आमचा पॅकच जबाबदार आहे, पण वेगळ्या अर्थाने: तो हलका आहे. ५५ ग्रॅम. सहा डबल-ए रिचार्जेबल सेलांचं वजन दीडशे ग्रॅमच्या वर जातं, आणि ते मोटरच्या बरोबर डोक्यावर बसलं की चाकांवरची रबरी कडी रुळाला धरून राहतात. लोक लहानात लहान बॅटरी मागतात, आम्हीही कौतुकाने विकतो, आणि इंजिन पिसासारखं होऊन बसतं. आमच्या चाचणीत इंजिनाच्या छपराखाली नुसती वजनं ठेवली, तीच गाडी त्याच पॅकवर चढ चढून गेली.

तरी वजनं भरून चाळीस मिनिटांचे दोन तास होणार नाहीत. आमचा ४ बाय ८ स्टडचा (स्टड म्हणजे लेगोच्या विटेवरचा गोल उंचवटा), म्हणजे ३२ बाय ६४ मिलिमीटरचा पॅक जागा नसलेल्या छोट्या इंजिनासाठी आहे. सहा स्टड रुंदीच्या इंजिनात दोन्ही भिंती वगळून आत चारच स्टड उरतात, तिथे तो नेमका बसतो. तुमच्या आठ डब्यांना तो द्यायलाच नको होता. तुम्हाला सहा डबल-ए सेलचा बॉक्स हवा, आत २००० मिलिअँपिअर-तासांचे निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल. इंजिनात मावत नसेल तर पहिल्या डब्यात ठेवा, पण मग एक मोटर त्याच डब्याखाली घ्या. बॅटरी एकीकडे आणि मोटर दुसरीकडे ठेवलीत तर वजन फुकट ओढत बसाल.

तुमच्या फोटोत तिसऱ्या डब्याच्या मागच्या आसाला केस आणि गालिच्याचा धागा गुंडाळलेला दिसतोय. चिमट्याने काढा. गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या गाडीच्या दोन आसांवर मुद्दाम धागा गुंडाळला तर मीटरचा आकडा लगेच चढला.

पैसे परत हवे असतील तर पूर्ण देतो, बॉक्स हवा असेल तर बदलून देतो, फरक आमच्याकडे. बॉक्स घेणार असाल तर पहिल्या डब्याची आतली लांबी आणि छपरापर्यंतची उंची स्टडमध्ये मोजून कळवा, मावतो का ते बघूनच पाठवू. पॅक परत करताना थोडा चार्ज ठेवा, आणि वायरच्या टोकांना चिकटपट्टी लावा.