सयाजीरावांचं बडोदं आणि आमचा बारा जणांचा वर्ग

काका, नमस्कार. माझ्या मुलाच्या वर्गाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून चार दिवस उत्तर लिहिलं नाही. तुमचं म्हणणं असं, की सयाजीरावांनी १९०६ साली ज्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सगळ्यांना सक्तीचं केलं, तिथेच मी विशेष गरजांच्या बारा मुलांना वेगळं बसवणाऱ्या वर्गाचं कौतुक करते. कायदा एकत्र शिकवा म्हणतो, आणि मी आईच्या मायेनं आंधळी झाले आहे. वर तिथली परीक्षा म्हणजे "सोपी दहावी".

आधी कायदा. दिव्यांग हक्क कायद्याचं (२०१६) ३१वं कलम अशा मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी पसंत असेल तिथे. पसंतीला जागा आहे त्यात. (फी आम्ही भरतोय, आणि ती जड जाते. तो हक्क अजून भांडून मिळवायचाय.)

एकत्र वर्ग आम्ही आठवीपर्यंत पाहिला. पंचावन्न मुलं, आमचा मुलगा शेवटच्या बाकावर. गणिताच्या तासाला त्याला ऑफिसातून खडू आणायला पिटाळायचे. खडू आणून आणून शिपाईकाकांशी गट्टी जमली, एवढंच काय ते एकत्र शिक्षण.

आता हा वर्ग, नव्या शाळेतला. खंडेराव मार्केटची इमारतही १९०६चीच, बरं का. दर गुरुवारी ही मुलं तिथे बाजाराला जातात. शंभराची नोट द्यायची, अर्धा किलो टोमॅटो घ्यायचे, सुट्टे मोजून परत यायचं. तीन गुरुवार आमचा हा नोट देऊन सरळ चालू लागला. भाजीवाल्या मासी, म्हणजे मावशी, हाका मारत राहिल्या. चौथ्या गुरुवारी मी खांबाआड उभी होते. मासी म्हणाल्या, "पांत्रीस थया, बेटा." हा थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं, चुकलं, पुन्हा मोजलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. त्याच्या बाई दहा पावलांवर फुलांच्या टोपल्यांपाशी उभ्या, पण मध्ये पडल्या नाहीत. शेवटी यानं तळहात पुढे केला, "मासी, पांसठ."

पंचावन्नांच्या वर्गात चार गुरुवार कोण थांबणार होतं, काका?

"सोपी दहावी" हा टोमणा मात्र लागला. मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, परीक्षा विषय सुटे करून देता येते. पाच वर्षांत नऊ संधी. हा यंदा गृहविज्ञान आणि चित्रकला देतोय. तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. पेपर त्यालाच लिहायचाय.

पण तुमची एक ओळ डोक्यातून जाईना: "ही मुलं बाकीच्यांना दिसतात तरी का?" यांची मधली सुट्टी वीस मिनिटं आधी होते, गोंगाट नको म्हणून. मला ती सोयच वाटायची. परवा त्याला विचारलं, शाळेतल्या बाकी मुलांपैकी कुणाला ओळखतोस? जरा विचार करून म्हणाला, "वॉचमनकाकांना."

म्हणजे शाळा बदलली, पण दोस्ती शिपायाकडून वॉचमनपर्यंतच सरकली. दुसऱ्याच दिवशी बाईंना जाऊन भेटले. दोन मुलांना आवाज खरंच सोसत नाही, त्यांचं आहे तसंच राहील. बाकीच्यांना आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांच्या सुट्टीत सोडून बघू म्हणाल्या.

सोमवारी पहिला दिवस. डब्यात चार थेपले जास्तीचे देणार आहे, कुणी मागितलेच तर.