लघवीचं कल्चर, 'तीन दिवस' आणि 'कोरा रिपोर्ट': तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आमच्या लॅबच्या काउंटरवर तुमच्याशी तुटक बोललं गेलं आणि सोमवारी फोन उचलला गेला नाही, याबद्दल मनापासून माफी मागते. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, तरी वडिलांना लघवीला जळजळ होते, ओटीपोटात कळ येते, जरा बरं वाटतं आणि परत तेच. कारण कुणी सांगत नाही. अशा वेळी घरचा माणूस चिडणारच, त्याचा मला राग नाही.

पण "तीन दिवस लावले आणि ६०० रुपये घेऊन कोरा रिपोर्ट दिला, दुसरीकडे तासाभरात मिळतो" हे वाक्य फार लागलं. त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तासाभरात मिळते ती लघवीची रुटीन तपासणी. ती तुम्हालाही तासाभरातच दिली होती. वेळ लागला तो कल्चरला. त्यात लघवीचा मोजून घेतलेला अंश प्लेटवर पसरतात, प्लेट ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवतात आणि जंतू वाढतात का ते बघतात. त्याला १८ ते २४ तास लागतातच. जंतू दिसले तर कोणतं औषध लागू पडेल हे बघायला आणखी एक दिवस. काहीच उगवलं नाही तर आम्ही 'नो ग्रोथ' लिहून लगेच मोकळे होत नाही, ४८ तासांपर्यंत प्लेट ठेवतो. तुमचं सॅम्पल शनिवारी दुपारी साडेबाराला घेतलं. रविवारी लॅब बंद असते, तरी मी येऊन प्लेट बघून गेले. सोमवारी संध्याकाळी 'नो ग्रोथ'चा रिपोर्ट तयार होता. माझ्या सहीशिवाय इथून एकही रिपोर्ट बाहेर जात नाही, आणि कल्चरवर मी प्लेट स्वतः बघूनच सही करते.

आता गोळ्यांचं. तुम्हीच लिहिलंय की शुक्रवारी रात्री त्रास वाढला म्हणून मेडिकलमधून मागच्याच अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या, एक रात्री दिली, एक सकाळी. दोन डोस पोटात गेल्यावर लघवीत जंतू असले तरी प्लेटवर वाढतीलच असं नाही. "काही गोळ्या चालू आहेत का" हे आमच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, फॉर्मवर 'नाही' अशी नोंद आहे. रात्रभर कण्हणाऱ्या बापाला गोळी दिली यात तुमचं काय चुकलं? पण मग 'नो ग्रोथ'चा सगळा ठपका लॅबवर का?

आणि पहिली बाटली परत केली, तो 'अपमान' नव्हता. औषधाची रिकामी बाटली घरी धुऊन त्यात पहाटेची लघवी भरली, आणि पाटणहून एसटीने कराडला ती उन्हातून, बर्फाशिवाय आली. दोन तासांवर गेलं की अशा सॅम्पलमध्ये बाहेरून शिरलेले जंतूही वाढतात. त्यावर काहीतरी बहुधा उगवलं असतं, आणि वडिलांना गरज नसलेली भारी इंजेक्शनं सुरू झाली असती. तसा रिपोर्ट देणं मला सोपं होतं. नाही दिला.

रिपोर्ट कोराही नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोतच बघा, पस सेल (पूच्या पेशी) १५ ते २० लिहिल्या आहेत. (त्या फोटोत वडिलांचं नाव दिसतंय, कृपया तेवढं झाका.) दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आतली जखम भरेपर्यंत काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही, जंतू नसताना पस सेल दिसू शकतात. त्यापुढेही दिसत असतील आणि दुखत असेल, तर शोध घ्यायलाच हवा.

"रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माझे वडील नाटक करतात का?" असं तुम्ही विचारलंत. अजिबात नाही. कल्चर निगेटिव्ह असूनही दुखणं खरं असतं. उपचार मी करत नाही, म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा आणि स्पष्ट विचारा. धार बारीक झाली असेल, जोर करावा लागत असेल, तर मूत्रमार्ग किंवा पिशवीचं तोंड आकसलंय का हे धारेचा वेग मोजून, डाय घालून काढलेल्या एक्स-रेने किंवा दुर्बिणीने कळतं. पिशवीत खडा आहे का, लघवी मागे उरते का, हे सोनोग्राफीत दिसतं. लघवीच्या मार्गाचा टीबी साध्या कल्चरमध्ये सापडत नाही, त्यासाठी सलग तीन सकाळच्या लघव्या वेगळ्या तपासाव्या लागतात. काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट घरी नसेल तर मागून घ्या. हे सगळं ठीक निघालं, तरी ओटीपोटाखालचे स्नायू आखडूनही असं दुखतं, आणि त्यालाही उपचार आहेत. थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर मात्र कल्चरची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोठ्या कंपन्यांची कलेक्शन सेंटरं आता आमच्या रस्त्यावरही आली आहेत. लोक मोबाइलवर स्टार बघून लॅब ठरवतात, आणि या लॅबवर आमची पाच घरं चालतात. म्हणून एवढं लांब लिहिलं. सॅम्पल कसं द्यायचं याची मराठीत चिठ्ठी डबीसोबत देणार आहोत, फोनचंही बघतो.

पुन्हा जळजळ सुरू झाली की पहिली गोळी देण्याआधी आमच्याकडून निर्जंतुक डबी घेऊन इथेच सॅम्पल द्या. रविवार असला तरी फोन करा, मी लॅब उघडीन. त्या कल्चरचे पैसे घेणार नाही, मग तुम्ही रिव्ह्यू बदला किंवा तसाच ठेवा.